एक टन हिमात दहा मिलिग्रॅम

ध्रुवीय संशोधनात यायचंय, काय वाचू, असं विचारणाऱ्यांना मी सगळ्यात आधी ‘ब्लँक’बद्दल सांगते. ब्लँक म्हणजे अतिशुद्ध पाण्याची एक बाटली. हिमातली काजळी मोजायला नमुने घ्यायला जाताना ती बरोबर न्यायची, हिमात खणलेल्या खड्ड्यापाशी उघडायची, बंद करायची आणि परत आल्यावर तिचं पाणी नमुन्यासारखंच गाळायचं. फिल्टर पांढरास्वच्छ निघाला तरच तुमच्या बाकीच्या आकड्यांना अर्थ आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंडला, जवळपास 79 अंश उत्तरेला, माझ्या पहिल्याच मोसमात तो फिल्टर राखाडी निघाला. (भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून याच गावात आहे.) स्नोस्कूटर आम्ही वारा जातो त्या बाजूला उभी केली होती. दुपारनंतर वारा फिरला आणि तिचा धूर आमच्याकडे आला. मी खड्ड्यात वाकून थर मोजत होते, लक्षातच आलं नाही. त्या दिवसाच्या अकराही पिशव्या टाकून द्याव्या लागल्या.

इतकं जपायचं कशासाठी, ते आकड्यावरून कळेल. तिथल्या हिमात एका ग्रॅममागे काजळी असते काही नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग), फार तर दहा-वीस. दहा धरली तर एक टन हिमात दहा मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात तर एक नॅनोग्रॅमहूनही कमी. एवढ्याशा काजळीनं काय होणार, असं मलाही वाटायचं. पण ताजं हिम 80 ते 90 टक्के ऊन परत पाठवतं ते एका फटक्यात नव्हे. प्रकाश हिमकणांवर आपटत आत शिरतो, पुन्हा पुन्हा दिशा बदलतो आणि मग बाहेर पडतो. या भटकंतीत वाटेत काजळीचा एक कण भेटला की तो किरण तिथेच जिरतो. वॉरेन आणि विस्कोम्ब या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये हे गणितानं मांडलं. हिम जुनं होऊन कण जाडे झाले की प्रकाश आणखी खोल जातो, म्हणून तेवढीच काजळी जास्त ऊन खाते. वितळू लागलं की पाणी निघून जातं आणि काजळीचा बराच भाग वरच साचतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2013 च्या अहवालात हिम-बर्फावरच्या काजळीचा तापवणारा परिणाम जागतिक सरासरीत दर चौरस मीटरला 0.04 वॉट धरला आहे. आकडा लहान दिसतो, पण तो सगळा भार पडतो जिथे हिमही आहे आणि ऊनही आहे तिथेच, जसं आर्क्टिकच्या वसंतात.

आता कामाचं. पिशव्या प्रयोगशाळेपर्यंत गोठलेल्याच ठेवा. गाळायच्या अगदी आधी, झटपट वितळवा आणि लगेच गाळा. ‘सकाळी बघू’ म्हणून पाणी रात्रभर ठेवलंत तर काजळी भांड्याच्या भिंतीला चिकटते आणि निकाल कमी येतो. गाळण्याऐवजी एसपी-टू यंत्रही वापरतात: 1064 नॅनोमीटरच्या लेझरमधून एकेक कण जातो, तापून लखलखतो आणि त्या उजेडावरून त्याचं वस्तुमान काढतात. हे यंत्र मला फार आवडतं. पण पाण्याचे तुषार करून ते यंत्रात सोडताना मोठे कण मागे राहतात, त्यामुळे एकूण काजळी कमी भरते. फिल्टरवरची काजळी तो किती प्रकाश शोषतो त्यावरून मोजतात, आणि तिथे उलटी अडचण: धूळही प्रकाश शोषते. धूळ लालपेक्षा निळा प्रकाश बराच जास्त खाते, काजळीत हा फरक कमी असतो, म्हणून एकाच तरंगलांबीवर भागत नाही. दोन पद्धतींचे आकडे जुळणार नाहीत. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा, ते वहीत लिहिलंच पाहिजे.

शिक्षण भौतिक किंवा रसायनशास्त्राचं असलं तर सोपं जातं. पायथन ही संगणकाची भाषा शिकून घ्या. भारतात पीएचडीसाठी पहिलं नाव गोव्यातलं, वास्कोचं एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. नी-ओलेसुंडला वाय-फाय नि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, तिथल्या रेडिओ दुर्बिणीसाठी. त्यामुळे हवे ते शोधनिबंध आधीच उतरवून न्या.

पुढच्या वर्षी आम्ही स्कूटर खूप अलीकडे सोडली आणि स्लेज ओढत चालत गेलो. दर पंधरा मिनिटांनी मी वाऱ्याची दिशा लिहीत होते. संध्याकाळी दोन फिल्टर खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. एक कोरा पांढरा होता. दुसऱ्यावर अगदी पुसट राखाडी गोल उमटला होता, आणि तो हिमातलाच होता.