उद्यानात तरण तलाव हवा की नको: प्रभागातील वाद कसा हाताळावा

महापालिकेच्या उद्यानात तरण तलाव बांधण्याचा प्रस्ताव आला की परिसरात दोन तट पडतात. मुलांना घराजवळ पोहायला शिकता यावे, असे काहींना मनापासून वाटते; रोज फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना आणि संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना मात्र हक्काची मोकळी जागा जाण्याची धास्ती असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे, म्हणून सह्यांची मोहीम उघडण्यापूर्वी प्रस्ताव नेमका काय आहे, हे दोघांनी मिळून पाहावे.

माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून नकाशा, अंदाजपत्रक आणि ठरावाची प्रत मागावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. विकास आराखड्यात त्या भूखंडावर कोणते आरक्षण आहे, हेही नगररचना विभागात तपासावे. आरक्षणच बदलायचे असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिनाच मिळतो, त्यामुळे जाहीर सूचनांवर कोणीतरी सतत लक्ष ठेवावे. झाडे तोडायची असल्यास वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते.

यानंतरचे काम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. उद्यान विभागाची परवानगी घेऊन, एखाद्या रविवारी सकाळी दोन्ही बाजूंच्या लोकांनी टेप आणि चुन्याची फक्की घेऊन जागेवर जावे आणि तलाव जमिनीवर आखावा. २५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद तलावाचे पाणी सुमारे ३१२ चौरस मीटर जागा व्यापते. पण चहूबाजूंनी ३ मीटरची फरसबंदी धरली की हाच आकडा ५७३ च्या पुढे जातो, आणि कपडे बदलण्याच्या खोल्या, पंपघर व कुंपण यांची जागा त्यात आलेलीच नसते. फक्कीची रेघ घसरगुंडीजवळून जाते की वडाच्या पारावरून, हे डोळ्यांनी दिसले की बोलण्याचा सूर बदलतो. रेघ बंद पडलेल्या कारंज्याच्या पक्क्या जागेवर बसत असेल, तर विरोधकांनीही मोकळ्या मनाने विचार करावा. खेळाचे मैदानच गिळले जात असेल, तर समर्थकांनी दुसरी जागा सुचवावी.

पाण्याचा हिशेबही तिथेच मांडावा. सरासरी खोली १.२ मीटर धरली तरी या तलावात ३ लाख ७५ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे १० हजार लिटरचे ३८ टँकर. मे महिन्यात, मुलांना पोहण्याची सर्वाधिक ओढ असते तेव्हाच, पाणीकपात लागू झाली तर तलाव कशावर चालणार, हे प्रशासनाकडून लेखी घ्यावे. जीवरक्षक, क्लोरिन, वीज आणि दुरुस्ती यांचा किमान तीन वर्षांचा खर्च कोणत्या तरतुदीतून होणार, हेही विचारावे. बांधकामाचा निधी मिळतो, देखभालीचा मिळत नाही आणि कोरडा तलाव कुलुपात पडून राहतो.

बेंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरवले होते. सार्वजनिक तलावाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, म्हणून हा दाखला जपून वापरावा. मात्र तलाव ठेकेदाराच्या हाती जाऊन शुल्क वाढत गेले, तर तो नावापुरताच सार्वजनिक उरतो. त्यासाठी प्रवेशशुल्काची कमाल मर्यादा, महापालिका शाळांतील मुलांसाठी आणि महिलांसाठी राखीव वेळा या अटी निविदेच्या मसुद्यातच घालण्याची मागणी करावी. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची प्रत प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी.