मुलाच्या दातांसाठी गुंगी द्यायची का? ठरवताना या चुका टाळा

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या तीन-चार दाढा किडलेल्या निघतात आणि डॉक्टर गुंगीचा विषय काढतात. घरात लगेच दोन तट पडतात. आजी म्हणते, दुधाचेच दात ते, आपोआप पडतील, पोराला औषधं कशाला? आईबाबांना वाटतं, एकदाच झोपवून सगळं उरकलेलं बरं. दोन्ही मतं दाढ न बघताच झालेली असतात. गुंगी लागेल का, हे काम किती आहे, मूल किती वेळ तोंड उघडून बसू शकतं आणि थांबायला सवड आहे का, यावर ठरतं. मूल किती घाबरलंय हा त्यातला एकच भाग.

दारातल्या रडण्यावरून निर्णय घेणे

तीन वर्षांचं मूल अनोळखी खोलीत, तोंडाला मास्क लावलेल्या माणसासमोर रडणारच. त्यावरून त्याला गुंगी लागेल असा निष्कर्ष काढू नका. मुलांचे दंतवैद्य आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. आरसा हातात देतात, पाण्याची पिचकारी बोटावर सोडतात, खुर्ची वरखाली करून दाखवतात. दुखणं किंवा सूज नसेल तर पहिली भेट फक्त तपासणीची ठेवा. पहिल्या दिवशी आईच्या खांद्यावरून न उतरलेली कितीतरी मुलं दुसऱ्या खेपेला स्वतःहून तोंड उघडतात.

घरातली भाषाही सांभाळा. ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला कोणत्याही डॉक्टरने समजावणं कठीण. ‘अजिबात दुखणार नाही’ हे खोटं आश्वासनही तेवढंच महाग पडतं.

याच्या उलटची चूक मला जास्त वाईट वाटते. गुंगी नको म्हणून चौघांनी मुलाचे हातपाय धरायचे आणि दाढ काढायची. काम होतं, पण ते मूल पुढे कित्येक वर्षं दातांच्या दवाखान्याची पायरी चढत नाही. असं धरून काम करायची वेळ येणार असेल, तर गुंगीचा विचार करायची वेळ आधीच आलेली आहे.

कामाचा पर्याय न विचारणे

‘गुंगी कोणती देणार?’ या आधी ‘नेमकं काय करायचं आहे, आणि त्याला दुसरा मार्ग आहे का?’ हे विचारा. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड नावाचं औषध दातावर लावून ती बऱ्याचदा थांबवता येते. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे मात्र आधी माहीत हवं. मागच्या दाढेवर ड्रिल न करता आणि बधिर न करता स्टीलची कॅप बसवण्याची पद्धतही आहे. तिला हॉल पद्धत म्हणतात. मुळाशी पू झालेल्या दाढेवर ती चालत नाही.

दात पडायचं वयही बघा. समोरचे दुधाचे दात साधारण 6 ते 8 व्या वर्षी पडतात, दाढा 9 ते 12 च्या दरम्यान. दहा वर्षांच्या मुलाच्या हलत्या दाढेसाठी गुंगी कशाला? पण चार वर्षांच्या मुलाची तीच दाढ आणखी पाच-सहा वर्षं तोंडात राहायची आहे. तिथे ‘आपोआप पडेल’ म्हणणं म्हणजे तेवढी वर्षं ठणका आणि अर्धवट जेवण. तोंडाच्या चारही बाजूंना कीड, दोन-तीन दाढांच्या मुळाशी पू, वय चारच्या आत आणि काम मोठं, किंवा स्वमग्नतेसारखी (ऑटिझम) स्थिती असेल, तर इस्पितळात पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करणं हाच बहुतेकदा शहाणपणाचा निर्णय असतो.

गालावर सूज, सोबत ताप, डोळ्याखाली फुगणं, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर यातलं काहीच ठरवत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा, गोव्यात असाल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

सगळी गुंगी एकच समजणे

नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात, त्यात मूल जागं असतं, बोललेलं त्याला कळतं. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. पण नाक चोंदलेलं असेल, किंवा मूल मास्कच लावून घेत नसेल, तर हा वायू उपयोगाचा नाही. शिवाय तो भीती कमी करतो. दाढ बधिर करायचं इंजेक्शन बहुतेक वेळा लागतंच.

तोंडावाटे द्यायच्या मिडाझोलामसारख्या औषधाने मूल पेंगुळतं. ते एकदा पोटात गेलं की मात्रा कमी-जास्त करता येत नाही, आणि काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडचिडी होतात. पूर्ण भुलीत मूल गाढ झोपतं आणि श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञ घेतो. यांच्यातल्या सीमा पक्क्या नाहीत. हलकी म्हणून दिलेली गुंगी लहान मुलात ठरवल्यापेक्षा खोल जाऊ शकते, म्हणून पुढचे प्रश्न महत्त्वाचे.

विचारायला आणि सांगायला संकोचणे

औषध कोण देणार? दाढेवर काम चालू असताना श्वासाकडे कोण बघणार? गुंगी खोल असेल तर दात करणारा आणि श्वासावर लक्ष ठेवणारा एकच माणूस असता कामा नये. ऑक्सिजन, मुलाच्या मापाचा मास्क, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र तयार आहे का? गरज पडली तर इस्पितळात कसं नेणार? या प्रश्नांनी रागावणाऱ्या डॉक्टरकडे मुलाला गुंगी देऊ नका.

तुम्हीही सगळं सांगा: रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मोठे टॉन्सिल, दमा, हृदयाचा आजार, ॲलर्जी, घरात कुणाला भुलीचा झालेला त्रास, चालू असलेली सगळी औषधं, गावठी असली तरी. त्या दिवशीचं वजन करून घ्या, मात्रा त्यावर ठरते. आजार गंभीर असेल तर खासगी दवाखान्यापेक्षा बांबोळीला विचारा. दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ तिथे जवळजवळ आहेत. आणि प्रवासात शांत राहावं म्हणून सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं सिरप घरून पाजून नेऊ नका. दोन औषधांचा असर एकमेकांवर चढतो.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2016 मध्ये इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांत भूल वारंवार किंवा तीन तासांहून जास्त दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. एकदाच, थोडा वेळ दिलेल्या भुलीने तसं होण्याची शक्यता कमी, असंही त्याच इशाऱ्यात आहे. म्हणूनच तीन वेळा थोडं थोडं करण्यापेक्षा एका वेळी सगळं करणं बरं.

‘थोडंसंच दिलं’

सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजतो, पोर पाव मागतं, आणि उपाशी कसं पाठवायचं म्हणून कुणीतरी चहात बुडवून देतं. उपास ठेवायला सांगतात ते पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. साधारण नियम असा: नुसतं पाणी 2 तास आधीपर्यंत, आईचं दूध 4, गाईचं किंवा पावडरचं दूध आणि हलकं खाणं 6, तळलेलं किंवा मटण-चिकन 8 तास. चहात दूध असतं, आणि पेज पातळ असली तरी ती जेवणातच धरायची. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. चुकून खाल्लंच तर लपवू नका. तारीख पुढे जाईल, एवढंच.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत उरकून टाकू म्हणून वाहत्या नाकाने, कफाच्या खोकल्याने मुलाला नेतात. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, ताप उतरल्यावरही काही आठवडे. असं असेल तर आदल्या दिवशीच दवाखान्याला फोन करा.

परत स्कूटरवर नेणे

पेंगुळलेलं मूल स्कूटरवर पुढे उभं करून किंवा दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. चारचाकी गाडी आणि दोन मोठी माणसं हवीत: एक चालवायला, दुसरं मुलाशेजारी, कारण झोपेत मान पुढे पडली की श्वास अडतो. काणकोण किंवा सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यात परतायचं असेल तर मूल नीट जागं होईपर्यंत निघूच नका.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर मुलं ओठ चावून जखम करतात, त्यावर लक्ष ठेवा. आधी पाणी द्या, ते पोटात राहिलं की मऊ खाणं. त्या दिवशी सायकल आणि पोहणं बंद, जिना एकट्याने नाही. मूल उठवूनही उठत नसेल, श्वास घरघरत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर दवाखान्याला फोन करण्याआधी रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.