लेझरने होडीचा वेग मोजताय? या चुका टाळा

कोकणातल्या हर्णै बंदरात संध्याकाळच्या मासळीच्या लिलावासाठी होड्या परतू लागल्या की मी शाळेतल्या मुलांना लेझर रेंजफाइंडर देऊन किनाऱ्यावर उभं करतो. हे यंत्र अंतर सांगतं, वेग आपणच काढायचा. लेझर होडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. ३०० मीटरवरून जाऊन-येऊन फक्त २ मायक्रोसेकंद! समजा आधी ४१२ मीटर आले आणि १० सेकंदांनी ३७६. म्हणजे सेकंदाला ३.६ मीटर, ताशी १३ किलोमीटर, म्हणजेच ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल).

सगळ्यात जास्त फसगत होते ती उभं राहण्याच्या जागेमुळे. होडी समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यासमोरून आडवी चालली असेल तर ती कितीही पळू दे, तिचं आपल्यापासूनचं अंतर जेमतेम बदलतं आणि वेग जवळपास शून्य येतो. आपल्या नजरेच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून आली तर खऱ्या वेगाच्या ८७ टक्केच हाती लागतात, ६० अंशांत निम्मेच. तिरकेपणामुळे आकडा कमीच येतो, जास्त कधीच नाही. म्हणून होडी जिथे लागणार, तिथेच जाऊन उभे राहा.

नेम दोन्ही वेळा एकाच जागी हवा. आधी केबिन आणि मग पाच मीटर पुढचं टोक धरलंत, तर दहा सेकंदांच्या मोजणीत ताशी १.८ किलोमीटर फुकटचे वाढले. पांढरी केबिन उत्तम. पाण्यावर नेम धरू नका, लेझर तिरका आपटून पुढेच निघून जातो.

घाईही नको. प्रत्येक अंतर एक मीटरने इकडेतिकडे होऊ शकतं. दोन सेकंदांत मोजलंत तर चूक ताशी ३.६ किलोमीटरपर्यंत जाते, दहा सेकंदांत पाऊणच्या आत राहते.

आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर असतो. त्या उजेडात परतीचा लेझर हरवतो, आकडाच उमटत नाही. मुलांना बजावून सांगा: भिंगातून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

आकडा तरीही तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या) अंदाजापेक्षा जास्त आला, तर भरती बघा. आपण मोजतो तो किनाऱ्याच्या हिशेबातला वेग, त्यात पाण्याचा ओढ मिसळलेला असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास, म्हणजे चार-पाचला आत येणारी होडी भरतीच्या पाण्याबरोबर येत असते.