किडनी आणि हृदय दोन्ही नाजूक असताना स्टॅटिन कसं घ्यावं

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध. आधी ताज्या क्रिएटिनिनवरून (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, काढून घ्या; गोळीची निवड आणि डोस त्यावर ठरतो. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन मुख्यतः यकृतातून बाहेर पडतं, म्हणून किडनीसाठी त्याचा डोस कमी करावा लागत नाही. रोसुव्हास्टॅटिनचं तसं नाही. ईजीएफआर ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस नसेल, तर सुरुवात ५ मिग्रॅ, कमाल १०. हृदयासाठी लिहिलेली जुनी २० ची गोळी तशीच चालू राहते, ही चूक फार दिसते.

चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ मिग्रॅ/डेसिलीटरच्या वर राहिलं, तर डॉक्टर बहुधा एझेटिमाइब (कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध) १० मिग्रॅ जोडतात; त्याचा डोस किडनीमुळे बदलत नाही.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू होणार असेल, तर स्टॅटिन चालू आहे हे आवर्जून सांगा. रक्तातलं स्टॅटिन वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. मांड्या दुखून लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन तपासा.

डायलिसिसवर असताना स्टॅटिन सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मात्र बंद करू नका.