गेम स्टुडिओची नोकरी स्वीकारण्यापूर्वी काय विचारावे आणि करारात काय पाहावे

गेम स्टुडिओचे ऑफर लेटर हातात आले की बहुतेक जण पगाराचा आकडा पाहतात, त्या स्टुडिओच्या आगामी गेमचा ट्रेलर पुन्हा एकदा लावतात आणि सही करून मोकळे होतात. पहिल्या खेपेस मीही तेच केले होते. त्यानंतर आधी टेस्टर (गेम खेळून दोष शोधणारी) आणि पुढे लेव्हल डिझायनर (गेममधील एकेक टप्पा रचणारी) म्हणून चार स्टुडिओंत काम केल्यावर माझी एका गोष्टीविषयी खात्री पटली आहे. स्टुडिओकडे पैसा कुठून येतो आणि कोणत्या तारखेला येतो हे कळले, की तुम्ही किती वाजता घरी जाल, तुमच्या कल्पनेला कात्री कोण लावेल आणि गेम पूर्ण झाल्यावर तुमचे नाव त्यात असेल की नाही, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे विचारले जाते, तेव्हा पहिला प्रश्न स्टुडिओच्या पैशाचा असावा. आपल्या पगाराचा नंतर.

पैसा कोणाचा, तारीख कोणाची

ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. काही स्टुडिओ पब्लिशरच्या, म्हणजे गेमसाठी पैसा लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, पैशावर चालतात, काही आपल्याच मागील गेमच्या विक्रीतून उरलेल्या पैशावर चालतात, आणि काहींचा गेम आधीच बाजारात असून त्यातील वस्तूंच्या विक्रीतून दरमहा पैसा येत असतो. यांपैकी पहिला प्रकार सर्वांत नीट समजून घ्यावा, कारण नवख्या माणसाला बहुधा तिथेच नोकरी मिळते.

पब्लिशर सगळी रक्कम एकदम देत नाही. काम टप्प्यांत वाटलेले असते, प्रत्येक मायलस्टोनला, म्हणजे टप्प्याच्या ठरलेल्या तारखेला, एक बिल्ड (गेमची तोवर तयार झालेली, खेळून पाहता येणारी आवृत्ती) द्यावा लागतो आणि पब्लिशरने तो मान्य केल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. बिल्ड नाकारला गेला तर हप्ता लांबतो, आणि छोट्या स्टुडिओत हप्ता लांबणे म्हणजे पगार लांबणे. मायलस्टोनच्या आधीचे दोन आठवडे स्टुडिओत दिवे रात्री उशिरापर्यंत का जळतात, याचे कारण एवढे साधे आहे.

माझ्या दुसऱ्या स्टुडिओतील एक रात्र सांगते. मायलस्टोनच्या यादीत एक ओळ होती: खेळाडू होडीतून नदी ओलांडतो, होडी बुडाल्यास पोहून काठाला लागतो. आमच्या बिल्डमध्ये होडी बुडायची आणि खेळाडू पाण्यावर ताठ उभा राहायचा. दहापैकी दोनदा नीट पोहायचा, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते सापडत नव्हते. पब्लिशरचा माणूस सकाळी नऊला बिल्ड उघडणार होता. रात्री दोनच्या सुमारास निर्मात्याने होडी काढून टाकायला सांगितली आणि दुसऱ्या लेव्हलमधला लाकडी पूल उचलून तिथे ठेवला. हप्ता सुटला, सर्वांचे पगार झाले. मात्र ज्या डिझायनरने ती संपूर्ण लेव्हल खेळाडूला पाण्याची भीती वाटावी या एका विचाराभोवती रचली होती, त्याची लेव्हल आता एक पूल ओलांडण्यापुरती उरली. त्या रात्री निर्मात्याचे चुकले असे मला आजही वाटत नाही. चूक सहा महिन्यांपूर्वी, तारखा ठरवताना झाली होती.

म्हणून विचारावे: पुढचा मायलस्टोन कधी आहे, त्यात काय द्यायचे आहे, आणि मागचा किती दिवस उशिरा मान्य झाला? आकडे गुप्त असू शकतात, पण 'साधारण वेळेवर' आणि 'दोनदा परत आला' या उत्तरांतला फरक सांगायला सहसा करार आड येत नाही. एवढ्यावरही टाळाटाळ झाली तर ती लक्षात ठेवावी.

बोनसच्या आश्वासनाकडे याच नजरेने पाहावे. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा ऑब्सिडियनचा गेम २०१० साली आला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले असते तर स्टुडिओला बोनस मिळणार होता; गुण मिळाले ८४. ऑब्सिडियनच्या एका संस्थापकानेच ही गोष्ट पुढे जाहीर केली. गुण देणारे समीक्षक तुमच्या हातात नसतात, त्यामुळे अशा अटीवरचा बोनस घरखर्चाच्या हिशेबात धरू नये.

नफ्यातल्या वाट्याचेही तसेच. समजा, गेम १०० रुपयांना विकला गेला. स्टीमसारखे गेमचे ऑनलाइन दुकान त्यातले साधारणतः ३० रुपये ठेवते. २०१८ पासून स्टीमने एक कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के असा दर ठेवला, म्हणजे सवलत मिळते ती मुळातच भरपूर खपणाऱ्यांना. एपिकचे दुकान त्याच वर्षी १२ टक्क्यांच्या दराने सुरू झाले. दुकानाचा वाटा वजा जाता उरलेल्या पैशातून पब्लिशर आधी आपली उचल वळती करून घेतो, आणि ती पूर्ण फिटल्यावरच स्टुडिओच्या पदरात काही पडते. तुम्हाला 'नफ्यात वाटा' देऊ केला असेल, तर नफा कोणत्या पायरीनंतर मोजला जाणार आहे ते लेखी मागावे.

तासांविषयी विचारण्याची पद्धत

क्रंच म्हणजे तारखेच्या तोंडावर आठवडेच्या आठवडे चालणारे जादा तासांचे काम. 'तुमच्याकडे क्रंच असतो का?' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आपण क्रंचच्या विरोधात आहोत असेच प्रत्येक स्टुडिओ सांगतो, आणि पुष्कळदा सांगणाऱ्याला ते खरेही वाटत असते. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात. मागच्या रिलीजच्या आधीच्या महिन्यात टीम किती वाजता निघत होती? त्या महिन्यात किती शनिवार काम झाले? बदली सुट्टी मिळाली का, आणि ती किती जणांनी प्रत्यक्ष घेतली? माझा आवडता प्रश्न आणखी साधा आहे: रात्रीच्या जेवणाची ऑर्डर कोण देतो? ज्या स्टुडिओत या प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते, तिथे रात्रीचे काम हा अपवाद उरलेला नसतो.

तोंडी शब्दावर विसंबू नये, याचे मोठे उदाहरण 'सायबरपंक २०७७' हे आहे. हा गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टच्या प्रमुखांनी २०१९ मध्ये सक्तीचा क्रंच नसेल असे जाहीरपणे सांगितले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करण्यास सांगण्यात आले. तीनदा तारीख पुढे ढकलून गेम १० डिसेंबरला आला, तो इतक्या दोषांसह, की सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जादा तासांनी गेम सावरतोच, असेही यावरून म्हणता येत नाही.

करारात 'कामाच्या गरजेनुसार अतिरिक्त वेळ' अशा अर्थाचे वाक्य जवळपास नेहमी असते. त्याला मर्यादा घालून मागावी: आठवड्याला जास्तीत जास्त किती तास, सलग किती आठवडे, आणि त्याबदल्यात पैसे की सुट्टी. जादा तासांचे पैसे मिळण्याचा हक्क तुमच्या पदाला कायद्याने आहे की नाही, हे प्रत्येक देशात वेगळे असते, आणि पदनामावरून ते ठरतेच असे नाही. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी लेख लिहून सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस चाललेले काम चव्हाट्यावर आणले. त्या सुमारास दाखल झालेल्या दाव्यांचा वाद नेमका याच मुद्द्यावर होता. कंपनीने अखेर कलावंतांशी १ कोटी ५६ लाख डॉलरना आणि प्रोग्रामरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरना तडजोड केली.

टेस्टर म्हणून रुजू होणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: पगार स्टुडिओ देणार की मनुष्यबळ पुरवणारी मधली कंपनी? गेम रिलीज झाल्यावर प्रथम कमी केले जातात ते बहुधा टेस्टरच. रेव्हन सॉफ्टवेअरमधील टेस्टरांनी मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन स्थापन केली, त्याआधी काही टेस्टरांची नोकरी संपवण्याचा निर्णय झाला होता. स्टुडिओत युनियन आहे का, हे मुलाखतीत विचारण्यापेक्षा तिथे काम करणाऱ्यांकडून जाणून घेणे बरे.

नावाची यादी

क्रेडिट्सकडे, म्हणजे गेममध्ये छापल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नामावलीकडे, नवखे लोक भावनेचा विषय म्हणून पाहतात. प्रत्यक्षात पुढची नोकरी मिळवताना तो तुमचा पुरावा असतो. अटारी या जुन्या अमेरिकन गेम कंपनीत गेम बनवणाऱ्यांचे नाव कुठेच छापले जात नसे, तेव्हा तिथल्या वॉरन रॉबिनेटने आपल्या 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली. सहज नजरेस न पडणारा करड्या रंगाचा एक ठिपका उचलून नेला की तिथे जाण्याची वाट खुली होई आणि आत त्याचे नाव दिसे. १९७९ साली डेव्हिड क्रेन आणि त्याचे सहकारी अटारी सोडून बाहेर पडले, कारण त्यांना नावही मिळत नव्हते आणि विक्रीत वाटाही. त्यांनी काढलेल्या ॲक्टिव्हिजनने डिझायनरचे नाव गेमबरोबर छापायला सुरुवात केली.

तरीही प्रश्न संपलेला नाही. 'एल. ए. न्वार' हा गेम २०११ साली आला तेव्हा त्यावर काम केलेल्या शंभराहून अधिक जणांची नावे वगळली गेली होती किंवा चुकीची होती, आणि काही माजी कर्मचाऱ्यांनी स्वतंत्र संकेतस्थळ काढून ती यादी प्रसिद्ध केली. त्यामुळे करारात एक वाक्य घालून घ्यावे: रिलीजपूर्वी नोकरी सोडली किंवा गेली, तरी ठरावीक महिने काम केलेल्याचे नाव त्याच्या पदासह छापले जाईल. गेम विकसकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने क्रेडिट्ससाठी मार्गदर्शक नियम केलेले आहेत. ते स्टुडिओवर बंधनकारक नाहीत, पण 'आम्ही ते पाळतो' असे लिहून द्यायला कोणाची हरकत असू नये.

या याद्यांचा एक उपयोग सही करण्यापूर्वीही होतो. स्टुडिओच्या मागील दोन गेम्सची क्रेडिट्स शेजारी शेजारी उघडावीत आणि विभागप्रमुखांची नावे जुळवून पाहावीत. पहिल्या यादीतले निम्मे प्रमुख दुसऱ्या यादीत नसतील, तर त्यांतील एखाद्याला नम्रपणे लिहून कारण विचारावे. लोक उत्तर देतात, आणि कोणत्याही मुलाखतीपेक्षा ते मोकळे असते.

तुमची कल्पना आणि तुमचे रविवार

सर्जनशील स्वातंत्र्य किती, असे विचारले की 'पुष्कळ' हेच उत्तर येते. त्यापेक्षा मागच्या गेममधून काय काढून टाकले आणि ते कोणी ठरवले, हे विचारावे. सतत चालू असलेल्या गेमवर काम करणार असाल तर बहुतेक निर्णय खेळाडू कुठे थांबतात आणि कशावर खर्च करतात या आकड्यांवरून होतात, आणि चित्रकाराचे वर्ष सणासुदीच्या टोप्या व पोशाख रंगवण्यात जाऊ शकते. त्या कामात कमीपणा काही नाही. उलट तिथे पगार वेळेवर होतो. आपण काय स्वीकारत आहोत हे आधी ठाऊक असावे, इतकेच.

'नोकरीच्या काळात तयार केलेले सर्व काही कंपनीच्या मालकीचे' या कलमाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ते जसेच्या तसे मान्य केले तर रविवारी घरी, स्वतःच्या संगणकावर केलेला छोटा गेमही वादात सापडू शकतो. तुमच्या चालू प्रकल्पांची यादी परिशिष्ट म्हणून जोडावी आणि 'कंपनीची वेळ, साधने व माहिती न वापरता केलेले काम वगळून' अशी दुरुस्ती मागावी. ही मागणी मी तीन वेळा केली आणि दोनदा ती विनासायास मान्य झाली. तिसऱ्या ठिकाणी मी रुजू झाले नाही.

शेवटचा दिवस पहिल्याच दिवशी ठरवावा

गेम उत्तम झाला म्हणजे स्टुडिओ टिकतो, असे नाही. टँगो गेमवर्क्सचा 'हाय-फाय रश' २०२३ मध्ये नावाजला गेला, तरी मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. पुढे क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने तो आपल्याकडे घेतला म्हणून कथा वेगळी झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये टेलटेल गेम्सने सुमारे २५० जणांना भरपाईशिवाय घरी पाठवले होते. म्हणून नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखाच आहे का, आणि कपात झाल्यास किती आठवड्यांचा पगार मिळेल, हे करारात शोधावे.

गेम रद्द झाला तर गुप्ततेच्या करारामुळे दोन-तीन वर्षांचे काम पोर्टफोलिओत दाखवता येत नाही, ही अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते. रद्द झालेल्या गेममधील स्वतःचे काम ठरावीक मुदतीनंतर, निदान बंद दाराआडच्या मुलाखतीत, दाखवण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी. शिवाय दर महिन्याच्या अखेरीस आपण काय केले याची साध्या शब्दांत नोंद करावी; फाइल्स मात्र कधीही घरी नेऊ नयेत.

फोनवर मान्य झालेल्या गोष्टी त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवाव्यात आणि 'बरोबर आहे' एवढे तरी उत्तर मिळवावे. दुरुस्त केलेला करार व परिशिष्ट दोन्ही सह्यांसह परत आल्यावरच सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्यावा.