कुस्कोला उतरलात की आधी खाली जा

पेरूमध्ये इंका अवशेष पाहायला जाणारे बरेच जण लिमाहून विमानाने कुस्कोला पोचतात आणि पहिला दिवस डोकेदुखी-मळमळीत घालवतात. लिमा समुद्रकाठी, कुस्को सुमारे ३४०० मीटरवर; एकदम एवढ्या उंचीवरची विरळ हवा बाधते. यावर सोपा उपाय म्हणजे सहलीचा क्रम उलटा करा.

१. विमानतळावरून थेट ओयांतायतांबो गाठा. हे गाव साधारण २८०० मीटरवर आहे. सामान कमी असेल तर कुस्को शहरातून कोलेक्तिवो पकडा. ही तिथली वडाप, टॅक्सीपेक्षा खूप स्वस्त.

२. दोन रात्री तिथेच राहा. या गावाच्या गल्ल्या इंकांनी आखलेल्या, दगडी पाटांतून आजही पाणी वाहतं आणि त्या जुन्या भिंतींआड लोक संसार करतात. माझ्या मते नुसत्या अवशेषांपेक्षा हे जास्त पाहण्यासारखं आहे. टूरच्या बस येण्याआधी, सकाळी लवकर किल्ल्याच्या पायऱ्या चढा. दुपारी बाजारात ‘मेनू देल दिया’ मागा: सूप आणि मुख्य पदार्थ, कमी पैशांत. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, कोंबडी नको) असं दोन्ही सांगा, नाहीतर ताटात कोंबडी येऊ शकते.

३. तिथूनच रेल्वेने माचू पिक्चू. ते आणखी खाली, सुमारे २४३० मीटरवर. प्रवेशाचं तिकीट घरूनच काढा.

४. कुस्को शेवटी.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, जरूर प्या. पण पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नका. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली तो गुन्हा आहे.