लीजवरची इलेक्ट्रिक मोटार, दिव्यांग चालक आणि सोसायटीतील चार्जिंग

लीजवर, म्हणजे दरमहा भाड्याने, इलेक्ट्रिक मोटार ठरवताना विक्रेता बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो चार्जर ३.३ किलोवॅटचा हवा की ७.२ किलोवॅटचा. कुबडी, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या चालकाने हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी आपली पार्किंगची जागा मोजावी आणि मोटारीचे चार्जिंग पोर्ट नेमके कोठे आहे ते पाहावे, कारण गन, म्हणजे केबलच्या टोकाची मूठ, हातात घेऊन पोर्टपर्यंत न्यायची असते आणि खरी अडचण त्या शेवटच्या दीड-दोन मीटरमध्येच येते. एमजी झेडएसचे पोर्ट पुढच्या बाजूला आहे, तर टाटा नेक्सॉनचे मागे, पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. गाडी दोन खांबांच्या मध्ये उभी केल्यावर त्या बाजूला खुर्ची जाते का, किंवा कुबडी टेकून एक हात मोकळा राहतो का, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमभोवती फिरवण्याऐवजी थेट आपल्या पार्किंगमध्ये आणायला सांगावी आणि बंद गाडीला गन लावून पाहावी. करारावर सही करण्यापूर्वीची ही सर्वांत उपयोगी दहा मिनिटे असतात.

सुगम्य पार्किंगसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे, तर सोसायटीतील नेहमीची जागा साधारण २.५ मीटरची असते. हा फरक खुर्ची दाराशी लावून आत-बाहेर होण्याच्या जागेचा आहे. जागा रुंद करता येत नसेल, तर ओळीच्या टोकाची किंवा एका बाजूला मोकळी वाट असलेली जागा बदलून मागावी. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा, स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे, त्यामुळे ‘जागा अमुक सभासदाच्या मालकीची आहे’ या उत्तरावर थांबण्याचे कारण नाही. जागावाटप हा व्यवस्थापक समितीचा विषय आहे. अर्जाला यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत, जागेचा मापांसह साधा नकाशा आणि गाडीच्या पोर्टचे छायाचित्र जोडावे. माझ्या अनुभवाने, समितीला कायद्याच्या कलमांपेक्षा हा नकाशा लवकर पटतो. यांत्रिक पार्किंगमधील जागा मात्र कितीही सोयीची म्हणून दिली, तरी घेऊ नये. तसेच २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पुराचे पाणी कोठवर चढले होते ते आठवून, नदीकाठच्या किंवा तळघरातील जागेत चार्जर बसवण्याचा विचार दोनदा करावा.

जागा ठरली की विजेचा प्रश्न येतो. पहिला मार्ग म्हणजे आपल्या सदनिकेच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल आणणे. पुण्यातल्या बऱ्याच इमारतींत मीटरची खोली तळमजल्यावर असल्याने हे अंतर फार नसते. मात्र महावितरणचे घरगुती दर वापर वाढेल तसे टप्प्याटप्प्याने चढतात. एका युनिटमध्ये ७ किलोमीटर धरले, तर महिना ८०० किलोमीटरसाठी सुमारे ११५ युनिट लागतात आणि चार्जिंगमधील घट धरून ते १२५च्या आसपास जातात. एवढ्याने बिल वरच्या टप्प्यात जाते का, हे मागच्या वर्षीच्या बिलांवरून पाहावे. दुसरा मार्ग वाहनासाठी स्वतंत्र जोडणी घेण्याचा आहे. फेब्रुवारी २०२४ मधील वीज ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीने ही जोडणी मागण्याची मुभा दिली आणि महानगर क्षेत्रात परिपूर्ण अर्जावर नवी जोडणी देण्याची मुदत ७ दिवसांवरून ३ दिवसांवर आणली. सोसायटीच्या सामाईक मीटरवर उपमीटर लावणे हा तिसरा मार्ग. तो सोपा दिसतो, पण दरमहा हिशेब कोण ठेवणार यावरून वाद होतात, म्हणून मी तो सुचवणार नाही.

आता किलोवॅटचा प्रश्न. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्यास रोज ३५ ते ४० किलोमीटर पडतात, म्हणजे सहाच्या आत युनिट, आणि ते ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर दोन तासांत भरून निघतात. रात्रभरात तर २५ युनिट सहज मिळतात. शिवाय कमी क्षमतेच्या चार्जरचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. त्याची १६ अँपिअरची केबल ७.२ किलोवॅटच्या चार्जरच्या ३२ अँपिअरच्या केबलपेक्षा बारीक, हलकी आणि लवचीक असते. ज्याच्या मनगटात किंवा खांद्यात जोर कमी आहे, त्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. सदनिकेचा मंजूर भार वाढवण्याची गरजही अशा वेळी अनेकदा पडत नाही.

वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि चाचणी अहवाल मागून घ्यावा. आज १६ अँपिअरचाच चार्जर बसवायचा असला, तरी पाइपमधून किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घ्यावी. ३२ अँपिअरचा भार असेल आणि अंतर ५० मीटर असेल, तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे १० व्होल्ट खर्ची पडतात, १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत सहाच्या आत. तेव्हा लांबच्या पार्किंगसाठी जाड वायरच घ्यावी. पुण्यातील विद्युत साहित्याच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दोन्हींच्या दरांत बराच फरक दिसेल, पण पाइप पुन्हा उघडण्याच्या मजुरीपुढे तो कमीच असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चार्जरसाठी वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग नीट नसेल, तर अनेक चार्जर लाल दिवा दाखवून सुरूच होत नाहीत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असल्याची खात्री करावी आणि शक्य असल्यास ही मोजणी मे महिन्यात, अर्थिंगचा खड्डा कोरडा असताना, पुन्हा करून घ्यावी.

हे सारे स्विच कोठे बसतात, याकडे ठेकेदाराचे लक्ष नसते. आरसीसीबी मीटरच्या खोलीत, दोन पायऱ्या चढून, सहा फुटांवर बसला आणि रात्री त्याचा खटका पडला, तर तो वर करण्यासाठी पहारेकऱ्याला उठवावे लागते. म्हणून चार्जरजवळ, जमिनीपासून साधारण ९० ते ११० सेंटिमीटर उंचीवर, पावसापासून सुरक्षित पेटीत आरसीसीबी, एमसीबी आणि सॉकेट एकत्र बसवून घ्यावेत. गनचा हूकही त्याच उंचीवर असावा. केबल जमिनीवर पसरू देऊ नये. कुबडी तिच्यावरून घसरते आणि खुर्चीचे चाक अडते. कारखान्यांत हत्यारे टांगायला वापरतात तो स्प्रिंग बॅलन्सर भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक दुकानांत मिळतो. तो वर लावून केबल त्याला अडकवली, तर हातावर केवळ गनचे वजन येते. पोर्टेबल चार्जर वापरणाऱ्यांनी त्याच्या ठोकळ्यासाठी छोटी फळी ठोकून घ्यावी. तो सॉकेटला लोंबकळत राहिला, तर पिना ढिल्या होऊन तापतात. आणखी एक सवय पुण्यात उपयोगी पडते: देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद असते, तेव्हा बुधवारी रात्री गन विसरू नये. सार्वजनिक चार्जरवर कठडे आणि पायऱ्या असल्या की तो पर्याय आपल्यासाठी उरत नाही.

लीजच्या करारात तीन गोष्टी लेखी हव्यात. चार्जर कोणाच्या मालकीचा, तो बसवण्याचा आणि काढण्याचा खर्च कोणाचा, आणि मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास जोडणीचे काय. ब्रिटनमध्ये १९७७ पासून चालणाऱ्या मोटॅबिलिटी योजनेत दिव्यांगांना गाडी लीजवर मिळते आणि घरी चार्जर बसवण्याची व्यवस्थाही त्यातच पाहिली जाते. आपल्याकडे हे सगळे आपणच जोडायचे असते. हाताने चालवायचे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवायचे असतील, तर त्यासाठी लीज कंपनीची लेखी संमती आणि आरटीओची नोंद घ्यावी लागते. तिथेच एका ओळीत चार्जिंगचाही उल्लेख करून घ्यावा: पाइप, वायर, पेटी आणि सॉकेट गाडी लीजवर घेणाऱ्याचे, भिंतीवरचा चार्जर लीज कंपनीचा. चार्जर थेट वायरीला न जोडता औद्योगिक सॉकेटमार्फत जोडला, तर गाडी परत करताना कंपनीचा माणूस चार्जर उतरवून नेतो आणि सॉकेटचे झाकण लावले की पुढच्या गाडीसाठी जागा तयार राहते.